अंधारात नकाशा वाचायचा लाल दिवा : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

ठरलं, लाल दिवा करायचाच. काल परत तेच झालं. तासभर अंधारात बसून डोळे छान सरावले होते, देवयानी तारकासमूहातली दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी धूसर ठिपक्यासारखी दिसायला लागली होती, आणि आकाशाच्या नकाशात एक जागा बघायची म्हणून मी मोबाईल काढला, ब्राइटनेस अगदी तळाला, जेमतेम पाच सेकंद, मान वर केली तर ठिपका नाही. सोबत भाची होती, ती म्हणाली, "आत्या, अगं मला पण आता काहीच दिसत नाहीये." म्हणजे माझ्यामुळे तिचे डोळे पण गेले. परत सरावायला अर्धा तास, आणि तोवर ढग आले. मला खरंच वाईट वाटलं.

कारण लिहून ठेवते म्हणजे पुढे दिवा करताना विसरायला होणार नाही. अंधारात आपण बघतो ते डोळ्यातल्या दंडपेशींनी, त्यांना सगळ्यात चांगला कळतो तो ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट निळा प्रकाश, आणि ६२० च्या पुढचा लाल जवळजवळ कळतच नाही. त्यामुळे लाल उजेडात वाचायचं काम डोळ्यातल्या दुसऱ्या, उजेडात बघणाऱ्या शंकूपेशी करतात आणि दंडपेशी आपल्या सरावलेल्याच राहतात. पण लाल आहे म्हणून कितीही भगभगीत चालेल असं नाही, मंदच पाहिजे. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद गुंडाळून झालंय आधी, कडेकडेने पांढरा उजेड गळतो आणि मूळ टॉर्चच इतकी जोरात असते की कागदाचे चार थर लावले तरी उपयोग नाही. उजेड आधी भरपूर करायचा आणि मग अडवत बसायचा यापेक्षा मुळात कमीच करावा.

काय हवंय: एक लाल एलईडी, कमीजास्त करता आला पाहिजे. सामान आवरताना वापरायला एक पांढरा, कारण अंधारात पडलेला स्क्रू लाल उजेडात सापडत नाही. खिशात मावणारी डबी. आणि सगळं चाचपून वापरता यावं, बघायला लागू नये.

३ नोव्हेंबर

खणातनं निघालेलं सामान: ५ मिलीमीटरचे लाल एलईडी सात-आठ, पांढरे दोन, रेझिस्टरची (करंट अडवून कमी करणारे छोटे तुकडे) मिसळलेली पुडी, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता नुसतं खोचून जोडायचा बोर्ड), ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची क्लिप. म्हटलं आहे त्यावरच सुरू करू.

हिशोब साधा आहे. बॅटरीचे व्होल्ट वजा एलईडी स्वतःवर घेतो ते व्होल्ट, जे उरले ते रेझिस्टरवर, त्याला हव्या असलेल्या करंटने भागायचं. लाल एलईडी साधारण १.९ घेतो. ९ वजा १.९ म्हणजे ७.१, आणि अशा एलईडीची नेहमीची मर्यादा २० मिलीअँप, म्हणजे ७.१ भागिले ०.०२, ३५५ ओहम. ३३० लावला तर २१ च्या वर जातो, ४७० लावला तर १५. मी ४७० घेतला. त्याच्या अंगावरचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी, शेवटी सोनेरी. पिवळ्या दिव्याच्या उजेडात तपकिरी आणि लाल पट्टा सारखाच दिसतो, आणि तिथे लाल असेल तर तो ४७० नाही, ४.७ के, म्हणजे ४७०० ओहम असतो, त्यामुळे प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजूनच बोर्डात खोचते. हा निघाला ४६६, पाच टक्क्यांच्या आतच.

एलईडीचा लांब पाय प्लसला. पाय कापून झाले असतील तर खालच्या कडेला एका बाजूला चपटं असतं, ती बाजू मायनसची. उलटा लावला तर पेटत नाही एवढंच, पण ९ व्होल्टला उलटा लावून ठेवणं बरं नाही, कारण उलट्या दिशेने साधारण ५ व्होल्टपर्यंतचीच हमी असते.

पेटला. लख्ख.

भाची शेजारी बसून बघत होती, तिने विचारलं, "आत्या, रेझिस्टर एलईडीच्या आधी लावायचा ना? नंतर लावला तर करंट आधीच जाऊन एलईडी जाळेल ना?" प्रश्न इतका बरोबर जागी होता की मी उत्तर दिलंच नाही, तिलाच दोन्हीची अदलाबदल करायला सांगितली. तिने रेझिस्टर मायनसच्या बाजूला नेला आणि डोळे बारीक करून बॅटरी लावली. काहीच फरक नाही. मग बोललो. एकच वाट आहे, त्या वाटेवर सगळीकडे करंट तेवढाच, नळीत अडथळा कुठेही असला तरी नळीतलं सगळंच पाणी हळू होतं, अडथळ्याच्या आधीचंही. तिला पटलं, तरी तिने वहीत काढलेल्या चित्रात रेझिस्टर आधीच काढलाय. राहू दे.

५ नोव्हेंबर

९ व्होल्ट रद्द. काल झोपताना डोक्यात हिशोब चालू होता. १५ मिलीअँपला एलईडी खातो १.९ गुणिले ०.०१५ म्हणजे २८ मिलीवॉट, आणि रेझिस्टरवर जातात १०७. पाचातले चार भाग नुसते गरम व्हायला. वर त्या चौकोनी बॅटरीच्या आत सहा छोटे छोटे सेल असतात, सगळी मिळून क्षमता जेमतेम ५०० मिलीअँप-तास. तीन पेन्सिल सेल घेतले तर ४.५ व्होल्ट मिळतात आणि अल्कलाईन सेलची क्षमता हळू वापरात २००० च्या वर. जागा थोडी जास्त लागते पण हातात धरायला उलट तेच बरं, जरा वजन हवंच.

दोन सेलचा पण विचार केला, ३ व्होल्ट लालला पुरतात, पण पांढऱ्याला साधारण तेवढेच लागतात, मग रेझिस्टरसाठी काही उरतच नाही आणि सेल जरा उतरले की पांढरा बंद. म्हणून तीन.

नवे सेल मोजले तर प्रत्येकी १.६, तीन मिळून ४.८. तोच ४७० चा रेझिस्टर ठेवला. करंट मोजायला मीटर वायर तोडून मध्ये घालत नाही मी, रेझिस्टरच्या दोन टोकांवर व्होल्ट बघते आणि भागते: २.८७ भागिले ४६६, सहा मिलीअँपच्या थोडं वर. याचा दुसरा फायदा असा की मीटरची वायर करंटच्या खाचेत राहून गेली आणि चुकून बॅटरीवर टेकली तर मीटरचा फ्यूज उडतो, तो प्रकार होत नाही.

आणि १५ वरून ६ वर आलं तरी डोळ्याला फारसं कळलंच नाही. डोळा असाच आहे, करंट निम्मा केला म्हणून उजेड निम्मा वाटत नाही. हे आता आपल्या कामाचं आहे.

८ नोव्हेंबर

आज एक प्रयोग मुद्दाम केला, कारण भाचीने चित्रात दोन एलईडी काढून दोघांना मिळून एकच रेझिस्टर लावला होता आणि नुसतं "असं नसतं करायचं" म्हणणं मला आवडत नाही. लाल आणि पांढरा शेजारी शेजारी, दोघांचे प्लस एकत्र, मायनस एकत्र, आणि वर एक ४७०. बॅटरी लावली. लाल पेटला, पांढरा ठार काळा. लाल काढून घेतला की पांढरा पेटतो, परत खोचला की विझतो! तिने हे दहा वेळा तरी केलं असेल.

कारण असं की लाल १.९ व्होल्टला उघडतो आणि मग त्या जोडावर तेवढेच व्होल्ट राहतात, पांढऱ्याला लागतात ३ च्या आसपास, त्याच्यापर्यंत ते पोचतच नाहीत. हे आकडे असे का, तेही एका ओळीत बसतं: १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की त्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये येते. ६२५ चा लाल म्हणजे साधारण २, आणि पांढऱ्या एलईडीच्या आत असतो तो ४५० चा निळा म्हणजे २.७५ च्या वर. पांढरा एलईडी मुळात निळाच, त्याच्या चिपवर पिवळं फॉस्फर (थोडा निळा प्रकाश पिवळा करणारं द्रव्य) असतं आणि दोन्ही मिसळून पांढरं दिसतं. दिसणाऱ्या प्रकाशाचा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये केला, आणि भरपूर उजेडाचा निळा यायला १९९० चं दशक उजाडलं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तीस वर्षं लोक त्या निळ्याच्या मागे होते. हे सांगितल्यावर भाचीने पांढरा एलईडी डोळ्याजवळ नेऊन आतला पिवळा ठिपका शोधला, न पेटवता दिसतो तो.

मग दोन लाल एकत्र करून बघितले. दोन्ही पेटले पण एक जरा जास्त, दुसरा जरा मंद, एकाच पुडीतले असून. मीटरच्या डायोड मोडवर एक १.७९ दाखवतो, एक १.८४, एवढ्याशा फरकानेही करंट एकीकडे जास्त जातो. प्रत्येकाला आपापला रेझिस्टर, विषय संपला. आणि नाहीतरी मला लाल एकच लागणार आहे.

९ नोव्हेंबर

एक एलईडी जाळला. कसा ते नीट लिहिते.

उजेड कमीजास्त करायला १० के चा पॉट घेतला, म्हणजे नॉब फिरवून रेझिस्टन्स कमीजास्त करता येतो तो. ४७० काढला, त्याच्या जागी पॉट लावला, डोक्यात एवढंच की पॉट म्हणजे रेझिस्टरच ना. फिरवत गेले, छान वाढत होता, वाढत होता, आणि शेवटच्या टोकाला क्षणभर डोळे दिपले आणि मग काहीच नाही. टोकाला पॉटचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य होतो, म्हणजे एलईडी सरळ ४.८ व्होल्टला जोडल्यासारखा. वास आला नाही, आवाज नाही, बाहेरून एलईडी होता तसाच दिसतो. भिंगातून बघितलं तेव्हा आतली केसासारखी तार एका टोकाला सुटलेली दिसली. पॉटही गेला, त्या टोकाला आता आकडे उड्या मारतात, आतला कार्बनचा पट्टा तिथे भाजलाय.

तर पॉटच्या आधी ४७० कायमचा. तो असला की पॉट शून्यावर गेला तरी करंट ६ च्या फारसा वर जात नाही. पॉटचं बाकी काहीही करा, तो एक रेझिस्टर कधी काढायचा नाही.

अजून एक, पॉटला तीन पाय असतात, आपल्याला मधला आणि कडेचा एक एवढेच लागतात. तिसरा मोकळा सोडायचा नाही, मधल्याला जोडून टाकायचा. आतला सरकणारा कॉन्टॅक्ट कधी क्षणभर उचलला गेला तर दिवा विझत नाही, फक्त मंद होतो.

१५ नोव्हेंबर

ब्रेडबोर्ड, सेल, सगळं खोक्याच्या झाकणावर चिकटवून अंधारात घेऊन गेलो. डबी करण्याआधी एकदा खऱ्या अंधारात बघायलाच पाहिजे हे माझं मत होतं आणि ते बरं झालं.

घरात ६ मिलीअँप बेताचा वाटत होता. तिथे अर्ध्या तासाने पेटवला तर अक्षरशः टोचला. दोघींनी डोळे मिटले. पॉट पूर्ण खाली नेला, रेझिस्टरवर ०.१३५ व्होल्ट, म्हणजे ०.२९ मिलीअँप, नेहमी सांगतात त्या २० चा सत्तरावा भाग, आणि तरी कागद एका हातावर धरला तर हवा त्यापेक्षा जास्तच उजेड! भाची म्हणाली, "अजून कमी कर ना." कमी होत नव्हता, पॉट संपला होता.

दुसरी अडचण पॉट फिरवण्याची. नव्वद टक्के फिरवलं तरी काही बदलत नाही आणि शेवटच्या टिचभर जागेत सगळा उजेड एकदम वाढतो. करंट रेझिस्टन्सच्या व्यस्त प्रमाणात असतो, १० के वरून ५ के पर्यंत येण्यात अर्धा फेरा जातो आणि करंट फक्त दुप्पट होतो, ते डोळ्याला कळतही नाही. आणि १ के वरून शून्याकडे येताना अगदी थोडक्यात तो तिप्पट होतो.

तिसरी गोष्ट मजेशीर आणि खरी उपयोगाची: नकाशावर मी लाल बॉलपेनने केलेल्या सगळ्या खुणा गायब. लाल उजेडात पांढरा कागदही लाल दिसतो आणि लाल शाईही, दोन्ही एकच. दोन वर्षांच्या खुणा आहेत त्या. उद्यापासून काळ्या पेनाने गिरवायला घेते.

१७ नोव्हेंबर

१०० के चा लॉग पॉट आणला, अंगावर ए लिहिलेला. आधीचा बी होता, म्हणजे सरळ प्रमाणात वाढणारा. लॉगमध्ये सुरुवातीला रेझिस्टन्स हळू वाढतो आणि पुढे भराभर.

पहिल्यांदा उलटा जोडला गेला, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवलं की उजेड वाढावा असा, कारण हाताला तीच सवय. तसं केलं तर आधीच्यापेक्षा वाईट, अर्धा फेरा झाला तरी अजून ८५ के वरच. मग दुसऱ्या कडेचा पाय घेतला. आता घड्याळाच्या दिशेने फिरवलं की उजेड कमी होतो, पण किती सुंदर कमी होतो! मध्यावर मीटर १२ के दाखवतो, करंट पाव मिलीअँप, आणि अगदी टोकाला रेझिस्टरवर १४ मिलीव्होल्ट, म्हणजे ३० मायक्रोअँप. दिवसा बघितलं तर एलईडी बंदच आहे असं वाटतं. खोलीत पडदे लावून, पांघरूण डोक्यावर घेऊन दहा मिनिटं बसले तेव्हा दिसला, छोटासा, निखाऱ्यासारखा. मी तिथेच पांघरुणात बसून नकाशाची एक ओळ वाचून बघितली. वाचता आली.

उलट्या दिशेची सवय करून घेऊ.

१९ नोव्हेंबर

डबीचं काम. प्लास्टिकची जुनी डबी, तीन सेलचा होल्डर बरोबर बसतो, एलईडीला ५ चं भोक, पॉटला ७ चं, मधोमध बंद असणारा तीन जागांचा सरकता स्विच: एकीकडे लाल, एकीकडे पांढरा. पांढऱ्याला स्वतंत्र ३३० लावला, ४.७ मधून जेमतेम ३ गेले तर १.७ उरतात, म्हणजे ५ मिलीअँप, आवराआवरीला भरपूर.

लाल एलईडीचं डोकं बारीक पॉलिश पेपरने घासून धुरकट केलं. नाहीतर कागदावर मध्ये एक प्रखर गोल आणि भोवती कडी पडतात, घासल्यावर उजेड सारखा पसरतो. ३५० अंशाला सोल्डरिंग आयर्न, धुरासाठी खिडकी उघडी, आणि नेहमीची शिसं असलेली तार, त्यामुळे काम झाल्यावर हात धुणं.

ब्रेडबोर्डच्या कडक एका तारेच्या वायर डबीत वापरल्या नाहीत. त्या दोन-चार वेळा वाकल्या की आतून तुटतात आणि बाहेरून कळत नाही. आतमध्ये बारीक तारांचा जुडगा असलेली मऊ वायर घेतली.

दोन गोष्टी चुकल्या. स्विचच्या पायावर आयर्न जास्त वेळ धरला, आतलं प्लास्टिक मऊ झालं आणि सरकपट्टी तिरकी होऊन अडकली. नवीन स्विच घ्यावा लागला, त्याचे पाय आधी टिन करून घेतले, म्हणजे पायांना सोल्डरचा पातळ थर दिला, आणि मग दोन सेकंदात जोड. दुसरं म्हणजे एलईडीच्या मायनसच्या पायाला वायर जोडून झाली, थंड झाली, आणि हीट श्रिंकचा, म्हणजे तापवलं की आवळून जोड झाकते त्या नळीचा, तुकडा टेबलावर तसाच. तो आधी वायरमध्ये ओवायचा असतो. जोड परत वितळवून काढला, ओवलं, परत जोडला. उशीर झाला होता, हात दुखत होता, तो जोड मी नीट बघितला नाही, हे इथे लिहून ठेवते.

२३ नोव्हेंबर

दिवा घेऊन पहिली रात्र. पहिले दीड तास इतके छान गेले की काय सांगू, नकाशा आणि आकाश, नकाशा आणि आकाश, मध्ये काहीही घालवावं लागलं नाही. देवयानीतली दीर्घिका नकाशा बघून परत मान वर केली तरी जागेवर होती. मृगातला तेजोमेघ वर आला तेव्हा दुर्बिणीत त्याचे पंख दिसत होते, भाची कितीतरी वेळ त्यावरून हलायला तयार नव्हती.

आणि मग तिने दिवा मागितला, मी अंधारात स्विच सरकवून तिच्या हातात दिला. चुकीच्या बाजूला. पांढरा.

तिने काही म्हटलं नाही, पटकन उलटा करून मांडीवर दाबला, पण व्हायचं ते झालं होतं. अर्धा तास गेला. लाल आणि पांढरा एकाच स्विचच्या दोन बाजूंना ठेवणं ही माझ्या आखणीतलीच चूक आहे, सवयीने सुटणारी गोष्ट नाही ती. थंडीत बोटांना डावं-उजवं कळत नाही.

२४ नोव्हेंबर

पांढरा स्विचवरून काढला. डबीच्या मागच्या बाजूला खोलगट जागा आहे, तिथे आत बसेल असं पुश बटण लावलं, दाबून धरलं तरच पेटतो, सोडलं की बंद. नख आत घातल्याशिवाय दाबलंच जात नाही. टेबलावर आपटून, खिशात कोंबून, मुठीत आवळून बघितलं, पेटत नाही. स्विच आता फक्त लालचा.

३० नोव्हेंबर

दिवा लुकलुकतोय. तिरका केला की विझतो, जरा टिचकी मारली की पेटतो. लूज कॉन्टॅक्ट आहे हे उघड आहे, कुठे ते शोधायचं.

मीटरचा कंटिन्युइटीचा बीप (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो तो) लावून शोधत बसले तर सगळीकडे बीप वाजतो, कारण प्रोब टेकवताना वायर दाबली जाते आणि तेवढ्यापुरता जोड बरा होतो. म्हणून दिवा चालू ठेवून, पॉट पूर्ण उजेडाच्या टोकाला नेऊन, प्रत्येक तुकड्यावर किती व्होल्ट पडतात ते बघितलं. चांगल्या जोडावर शून्य पाहिजेत. होल्डरच्या दोन टोकांना ४.६६, दिवा लुकलुकला तरी हलत नाही, म्हणजे सेल आणि स्प्रिंग ठीक. स्विचवर शून्य, पॉटचे पाय ठीक. मग होल्डरचा मायनस आणि एलईडीचा मायनसचा पाय: शून्य, शून्य, वायर हलवली, १.२! परत शून्य. सापडला.

तोच जोड. हीट श्रिंक चिरून काढलं. सोल्डरचा गोळा वायरला घट्ट, पण करड्या रंगाचा, फुगीर, आणि एलईडीच्या पायाभोवती भिंगातून बारीक काळी रेघ, म्हणजे सोल्डर पायाला चिकटलंच नव्हतं, नुसतं वेढून बसलं होतं. जरा ओढलं तर पाय सरळ बाहेर आला, म्यानातून निघावा तसा. ड्राय सोल्डर. एलईडी किती वर्षं खणात पडून होते, पाय काळवंडलेले, आणि घाईत मी वायर तापवली, पाय तापवलाच नाही.

पाय ब्लेडने खरवडून चकचकीत केला, थोडं फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावतात ते), आधी पाय टिन केला, वायर टिन केली, हीट श्रिंक ओवलं, पायाला वरच्या बाजूला चिमटा लावला म्हणजे उष्णता एलईडीपर्यंत जाणार नाही, आणि मग दोन्हीला एकदम आयर्न टेकवून सोल्डर आयर्नला नाही तर जोडाला लावलं. पाण्यासारखं पसरलं आणि थंड होताना चमक राहिली. बाकीचे पाच जोड पण भिंगाखाली बघून घेतले, एक संशयित वाटला तो परत केला. वायरी डबीच्या आत एकेक गाठ मारून ग्लू गनने चिकटवल्या, म्हणजे ओढ बसली तर गाठीवर बसेल, जोडावर नाही.

७ डिसेंबर

सलग चार तास. एकदाही लुकलुकला नाही.

परत आल्यावर मोजलं: सेल ४.६५. मी जिथे नॉब ठेवते तिथे करंट ०.१ मिलीअँपच्या आसपास. २००० ला ०.१ ने भागून येणारे तास लिहिण्यात अर्थ नाही, त्याच्या कितीतरी आधी सेल नुसते ठेवूनच म्हातारे होतील. उलट भीती ती गळण्याची, अल्कलाईन सेल वर्षानुवर्षं आत राहिले की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि होल्डरच्या स्प्रिंगा खाऊन टाकतं, म्हणून पावसाळ्यात सेल काढून ठेवायचे. आणि सेल उतरले हे पांढराच आधी सांगेल, त्याला जवळजवळ ३ व्होल्ट लागतात, लाल त्यानंतरही बराच काळ चालत राहील.

भाचीला स्वतःचा हवाय. रेझिस्टर तिने मोजून बाजूला काढलेत, ४७० आणि ३३०, दोन वेगळ्या कागदात गुंडाळून वर आकडे लिहिलेत. या वेळी जोड ती करणार आहे, मी बाजूला बसणार. हीट श्रिंकचे तुकडे तिने आजच वायरमध्ये ओवून ठेवलेत.

एकच गोष्ट राहिली होती ती आज केली: नॉबच्या कडेवर ग्लू गनचा एक थेंब, नकाशा वाचायला बरोबर पुरतो त्या जागी, आणि तसाच एक थेंब डबीवर त्याच्या समोर. अंगठ्याने दोन्ही थेंब जुळवायचे आणि मगच स्विच सरकवायचा.